बुजऱ्याची स्वारी

दोरीवरचा टॉवेल हलला तरी तो घोडा उधळायचा. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला बुजून कुंपणापलीकडे गेला. भल्याभल्या घोड्यांना वठणीवर आणणाऱ्या चाबूकस्वाराने याच्यापुढे मात्र हात टेकले होते. टेकायला जमीन घोडाच रोज दाखवायचा. शेवटी मालक वैतागला. "उद्या हा रस्त्यावर शांत चाललेला दिसला नाही, तर मी दुसरा माणूस बघतो!"

"अहो, भीतीनेच भीती मोडते," असं म्हणत चाबूकस्वाराच्या बायकोने परसातलं बुजगावणं उचललं आणि तबेल्यात नेऊन उभं केलं. झालं भलतंच. घोडा बुजायचा सोडून बुजगावण्याच्या खांद्यावर मान टाकून चक्क झोपी गेला.

चाबूकस्वार काय ते समजला. सकाळी त्याने बुजगावण्याचा फाटका कोट चढवला, त्याचीच टोपी घातली आणि दोन्ही हात आडवे पसरून खोगिरावर बसला. घोडा फाटकाबाहेर पडून रस्त्याने गरीब गाईसारखा चालू लागला. हात जरा खाली आले की लगेच कान टवकारायचा, त्यामुळे लगाम धरायची सोयच नव्हती. पण मालक खूश झाला, नोकरी वाचली.

घोडा तसाच चाबूकस्वाराच्या घरावरून पुढे निघाला. बायकोने कौतुकाने खिडकीतून हाक मारली, "अहो, आज स्वारी कुठे निघाली?"



पसरलेले हात तसेच ठेवून तो म्हणाला, "घोड्याला विचार."