हॉलमधली लाइट

"ला..." खैरुद्दीन म्हणाला. पुढचं अक्षर आलंच नाही.

टेबलावरच्या स्पीकरभोवतीचं निळं कडं थोडा वेळ चमकलं, मग आतून बाईचा आवाज आला. "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

त्याने डाव्या हाताने स्पीकरचं बटण पुन्हा दाबलं. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. पक्षाघाताने तो हात गेला होता आणि बोलणंही. समजायचं सगळं. पण शब्द तोंडाशी येईपर्यंत त्याचा नुसता आवाज उरायचा.

सुरैय्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आखातातल्या अल कुसैसच्या त्या फ्लॅटमध्ये अंधार दाटत चालला होता. सोफ्यावर बसलेला नवरा तिला आता धड दिसतही नव्हता. भिंतीवरच्या बटणावर त्यांच्या मुलाने, अबुजरने, चिकटपट्टी लावून ठेवली होती. "अम्मी, स्विचला हात लावायचा नाही. अब्बा बोलले तरच लाइट लागणार. थेरपिस्ट काय म्हणाली, ऐकलंस ना? त्यांच्या वतीने तू बोलू नकोस."

त्याचं सांगून झालं, तो ऑफिसला गेला. घरात दिवसभर ती होती.

ती आत गेली, गॅसवरचं सार उगाच ढवळलं, परत दारात आली. ओट्यावरच्या फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"ला... ला... इ..."

"माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

गोदामात कामाला असताना या माणसाने एक हाक मारली की पलीकडच्या टोकाची फोर्कलिफ्ट थांबायची. आता तो त्या डबीएवढ्या वस्तूसमोर ओणवा झाला होता आणि त्याची हनुवटी थरथरत होती. मागच्या आठवड्यात असंच झालं होतं. त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवलासुद्धा नाही.

खैरुद्दीनने बटण दाबलं. "ला..."

सुरैय्याने ओढणीआड फोन काढला. अबुजरने तिच्याही फोनवर ते स्पीकरचं आणि लाइटचं अ‍ॅप घालून दिलं होतं, रात्री उठावं लागलं तर म्हणून. तिने त्यातून स्पीकरचा आवाज शून्यावर आणला आणि लाइटवर बोट टेकवलं.

हॉल उजळला.

खैरुद्दीन छताकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडाची एक बाजू हसली. दुसरी हलत नव्हती, पण ती एक पुरेशी होती. त्याने सुरैय्याकडे बघितलं.

"बघा," ती म्हणाली. "जमलं की तुम्हाला."

त्याने पुन्हा बटण दाबलं. "ब..." म्हणाला. लाइट बंद झाली. "ला..." लागली. सुरैय्याचा अंगठा ओढणीखाली घामेजला होता. सार उतू जायला आलं तरी तिला दारातून हलता येईना.

इतक्यात अबुजर आला. "शारजा साइडला काय ट्राफिक आहे," असं म्हणत तो सोफ्याजवळ बूट काढत होता, तोच खैरुद्दीनने त्याची बाही धरली आणि त्याला सोफ्यावर बसवलं.

"अब्बा, काय झालं?"

"तुला दाखवायचंय त्यांना काहीतरी," सुरैय्या म्हणाली. बोलल्यावर तिला वाटलं, बोलायला नको होतं.

लाइट लागलेलीच होती. खैरुद्दीनने बटण दाबलं. "ब..." लाइट गेली. "ला..." लाइट आली.

अबुजर उठून उभाच राहिला. "अम्मी, सीरियसली? कधीपासून?" त्याचे डोळे भरून आले होते. "थांबा अब्बा, व्हिडिओ काढतो. उद्या थेरपिस्टला दाखवू. ती म्हणत होती, एवढं जमलं तर पुढच्या शब्दांवर जाऊ. हां, आता परत बोला. बंद."

सुरैय्याने मानेने नको म्हटलं, पण तो फोनकडे बघत होता.

"ब..."

हॉलमध्ये अंधार झाला. अबुजरच्या चेहऱ्यावर फोनचा उजेड होता. पडद्यावर वर एक पट्टी सरकून आली. त्याने ती वाचली. हॉल लाइट बंद, सुरैय्याच्या फोनवरून.

त्याने मान वर करून आईकडे बघितलं.

"मस्त अब्बा," तो सावकाश म्हणाला. फोन त्याने खिशात टाकला. "मस्त. उद्या काढू व्हिडिओ. आता तुम्ही दमलात."

खैरुद्दीनने त्याच्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. तिथे ओढणीच्या पातळ कापडातून फोनचा पडदा चमकत होता.

खाली रस्त्यावर कुणाचातरी हॉर्न वाजला.

"सु..." खैरुद्दीन म्हणाला. त्याने स्पीकरचं बटण दाबलं नव्हतं. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. "सु... रै... या."

आजारपणानंतर तो तिला नुसता टेबल वाजवून बोलवायचा. तिने दाराची चौकट धरली.

"खलास," तो म्हणाला. तो शब्द स्वच्छ आला, गोदामात काम थांबवताना यायचा तसा.

"तुम्ही परत जेवणार नाही, म्हणून मी..." ती बोलायला लागली आणि थांबली. त्याने डावा हात पुढे केला होता, तळवा वर.

ती जवळ गेली. फोन त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उशीखाली सारला आणि उशीला टेकून बसला.

"अब्बा, राहू द्या आता," अबुजर म्हणाला. "मी लावतो लाइट."

खैरुद्दीनने मान हलवली. सोफ्यावर स्वतःशेजारी हाताने थोपटलं. सुरैय्या तिथे बसली. अबुजर उभाच होता, मग तोही जमिनीवर बसला.

खैरुद्दीनने अंधारात चाचपून बटण शोधलं आणि दाबलं. निळं कडं पेटलं. सुरैय्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

त्याने श्वास आत घेतला.