सहावी चकती

लॅबच्या बाईंनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा धरली. मग त्या चक्क स्टुलावर बसल्या.

"काय झालं, ताई?" लहान मुलांच्या वॉर्डातली तरुण डॉक्टर दारातूनच ओरडली. "बोला ना! एक तरी औषध चालतंय का?"

वॉर्डात नऊ दिवसांची एक मुलगी होती. वजन पावणेदोन किलो. रक्तात जंतू पसरलेले. पहिलं औषध दिलं, जंतूंनी भीक घातली नाही. दुसरं दिलं, तेच. तिसरं तर कुलपात ठेवलेलं, अगदी ठेवणीतलं; तेही फुकट गेलं. कालपासून पोरीचं रडणंसुद्धा बंद झालं होतं. तिची आई दर तीन तासांनी वाटीत दूध काढून आत पाठवायची. बाळ ओठ हलवत नव्हतं, त्यामुळे वाटी भरलेलीच परत यायची. आई ते दूध ओतून द्यायची, वाटी धुवायची आणि पुन्हा घड्याळाकडे बघत बसायची.

बाळाच्या रक्तातले जंतू बाईंनी काल त्या प्लेटवर पसरले होते. त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या, टिकलीएवढ्या. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, गोल स्वच्छ जागा राहते. इतकं साधं काम. पण त्या गोलावर पोर जगणार की जाणार ते ठरतं.

फॉर्मवर रकाने पाच औषधांचे होते. बाई चकत्या ठेवायच्या सहा. सहावी एका जुन्यापुराण्या औषधाची. जंतू त्याला जुमानेनासे झाले, तसं लहान मुलांना ते देणं डॉक्टरांनी कधीचंच सोडलं होतं. पण बाई ऐकतील तर शपथ. सव्वीस वर्षं, प्रत्येक बाळाच्या प्लेटवर सहावी चकती, आणि फॉर्मच्या कडेला त्यांच्या हातानं लिहिलेलं एकच उत्तर : नाही. अलीकडे कधीमधी चकतीभोवती नखभर मोकळी कड दिसायची. तेवढ्या भरवशावर बाळ सोपवता येत नाही, म्हणून तेव्हाही नाहीच.

स्टोअरकीपर चकत्यांची डबी देताना दर वेळी चेष्टा करायचा. "घ्या, तुमचे सासरेबुवा आले! कामाला शून्य, पण पान मांडायलाच हवं." बाईही हसायच्या. त्यांच्या घरातलं कुणीतरी या औषधानं वाचलं असणार, म्हणून ही माया, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

"पाचही गेली," बाई म्हणाल्या.

डॉक्टरचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, पण हे बघा ना!"

पाच चकत्यांना जंतू अगदी खेटून उगवले होते, गच्च, पांढुरके. सहावीभोवती मात्र कोटाच्या बटणाएवढा गोल, लख्ख. उजेड त्यातून सरळ आरपार येत होता. बाईंनी पट्टी लावून दोनदा मोजलं. मग डॉक्टरनं मोजलं.

"असं कसं होईल?"

"आपण बाळांना ते द्यायचं सोडलं. मग जंतूंनीही त्याच्याशी लढायचं सोडलं असेल. किती पिढ्या गेल्या त्यांच्या! या नव्यांना म्हातारा ठाऊकच नाही."

दोघी त्या गोलाकडे बघतच राहिल्या. काय म्हणावं याला! जगातली भारी भारी औषधं पचवून बसलेले कोट्यवधी जंतू, आणि एका अडगळीतल्या म्हाताऱ्यापुढे त्यांची पाऊल टाकायची टाप नव्हती.

मग धावपळ. स्टोअरच्या सगळ्यात खालच्या फळीवर मोठ्या माणसांच्या वॉर्डासाठी आणलेल्या सहा बाटल्या निघाल्या. मुदत अजून तीन महिने होती. स्टोअरकीपर त्या छातीशी धरून जिने चढला, आणि या वेळी चेष्टा करायचं विसरला. डॉक्टरनं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, पावणेदोन किलोचा हिशोब तिघांकडून तपासून घेतला, आणि अकराच्या सुमारास पहिला डोस दिला.

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी नर्सनं बाळाचे तळपाय चाचपले आणि पुन्हा चाचपले. ते कोमट लागत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सुई टोचली मात्र, पोरीनं असं भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड हसायला लागला. त्यानंतर वाटी परत आली ती रिकामी. आईनं ती उलटी करून बघितली. मग पदरात तोंड खुपसून ती पोटभर रडली.

डॉक्टर तडक लॅबमध्ये आली. बाई दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाची प्लेट मांडत होत्या. चिमट्यानं पाच चकत्या ठेवून झाल्या होत्या, सहावी चिमट्यात होती.

"ताई, एक विचारू? तुमच्या घरातलं कोण वाचलं होतं या औषधानं?"

बाईंनी चकती अलगद ठेवली, चिमट्यानं हलकेच दाबली आणि झाकण लावलं.

"कुणीच नाही हो. माझी मुलगी गेली ना, तेव्हा हेच चालू होतं. तीही नऊच दिवसांची. तेव्हापासून रोज बघत होते, सासरेबुवा कधी ताळ्यावर येतात ते."