नऊ पॉइंट तीन

“लेखीला पंचाहत्तर टक्के आणि प्रॅक्टिकलला जेमतेम पास?” माझी मार्कशीट हातात घेऊन मॅडमनी विचारलं. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एम.एस्सी.ची मुलाखत चालू होती. प्रवेशाची एकच जागा उरली होती आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांचे मार्क माझ्याहून जास्त होते.

‘टायफॉइड झाला होता म्हण,’ असं पप्पांनी एसटीत बजावलं होतं. पण मॅडम सरळ डोळ्यांत बघत होत्या. मला ते जमेना.

“लंबकाचा प्रयोग आला होता. गुरुत्वाचं उत्तर ९.८ यायला हवं. माझं ९.३ आलं. तेच लिहिलं. परीक्षक म्हणाले, ‘तुझ्यासाठी पृथ्वी वेगळी आहे का?’”

“बाकीच्यांचं किती आलं?”

“सगळ्यांचं ९.८. आमच्याकडे आधी उत्तर लिहितात, मग त्यावरून रीडिंग बसवतात.”

शेजारचे सर मान खाली घालून हसले. “आमच्या वेळीही तेच होतं.”

मॅडम हसल्या नाहीत. “तुझं चुकलं कुठे?”

“मी नुसता दोरा मोजला. गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवं होतं. लॅबमधून बाहेर पडल्यावर लक्षात आलं.”

“आत असतानाच लक्षात आलं असतं, तर आकडा बदलला असतास?”

“नाही. दोरा पुन्हा मोजला असता.”

मॅडमनी मार्कशीट मिटून माझ्या हातात दिली.

“मुलींच्या हॉस्टेलच्या खोल्या लवकर भरतात,” त्या म्हणाल्या. “जाताना चौकशी करून जा.”