सुनेचं इंग्रजी

पोरगा अकोल्याले गोऱ्या साहेबाच्या कचेरीत लागला. त्यानं चिठ्ठी धाडली, "आई, तुही सून इंग्रजी शिकून राह्यली. तिले बोलाले कोणी पायजे, रोज पुढ्यात बस." मंग बसली मी, तूर निवडत. सून पुस्तकात पाहून म्हणे, "यू सिट." म्हणजे काय? "तुमी बसा, आत्याबाई." तेवढ्यात कुत्रं आलं. त्यालेबी म्हणे, "यू गो!" माह्या अंगाची आग झाली. "मले अन् कुत्र्याले एकच?" "इंग्रजीत तू-तुमी नसते. सारे यूच." मी पुस्तक हिसकावलं, चुलीकडं निघाली. जाता जाता टोमणा मारला, "अन् तुह्या सासऱ्याले?" मान खाली घालून बोलली, "त्याईलेबी यू." ओसरीवरून मालक वरडले, "ए, मेली काय? पाणी आण!" चाळीस वर्षं तुमी-तुमी करत पाणी नेलं मी. पुस्तक सुनेच्या मांडीवर टाकलं, पदर खोचला अन् तिथूनच वरडली, "यू आण!"