गोलकीपर बदला

संघ सलग सातव्यांदा हरला आणि क्लबच्या अ‍ॅपवर टोपणनावांनी लिहिणारे चाहते हातघाईवर आले. कुणी म्हणालं, कोचला हाकला. ‘डावा विंगर’ने तर बचावफळी मुळापासून नव्याने बांधायची लांबलचक योजनाच मांडली.

शिंपीकाम सोडून घरी बसलेल्या तात्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, तेसुद्धा त्यांनी मापांच्या जुन्या वहीत उतरवून ठेवलं होतं. तरी ‘जुना गडी’ या नावाने त्यांनी नेहमीसारखं खुसपट काढलं, "बचाव ठीक आहे. गोलकीपर बदला."

‘डावा विंगर’ चवताळला. मैदानाची चित्रं काढकाढून समजावू लागला. तात्या मुद्दामच हेका सोडेनात. तास-दीड तास कसा गेला, त्यांना कळलंही नाही.

शेवटी त्याने वैतागून लिहिलं, "काका, तुमच्याशी बोलायला घरी कुणी नाही का?"

तात्यांनी एका बोटाने लिहिलं, "मुलगा आहे ना."



बंद दारापलीकडे, मुलाच्या खोलीत, टिंग करून फोन वाजला.