चिमूटभर तंबाखू
पावसाचा भरवसा उरला नाही म्हणून पुंजारामच्या सुनेनं ज्वारीच्या रानात तुती लावली आणि शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळल्या. अळ्यांना तंबाखूचा हातसुद्धा सोसत नाही, हे तिनं त्याला दहादा बजावलं होतं. काल ती भोकरदनला गेली, तेव्हा तंबाखू मळलेला हात नुसता धोतराला पुसून त्यानं हौसेनं अळ्यांना पाला टाकला. आज सकाळी बघतात तर कोषावर आलेल्या अळ्या हिरवं ओकून मरून पडलेल्या. “माझंच चुकलं, मामंजी,” सून म्हणाली, “मीच ओला पाला तोडून ठेवल्ता.” सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण तसाच खाली बसून मेलेल्या अळ्या वेचायला लागला. तिला वाटलं, म्हातारा खचला. तिनं खुंटीवरची त्याची चंची काढली, चुना घेऊन स्वतःच तंबाखू मळली. “घ्या. आता हाताला तंबाखू लागली तरी मरायला कोण राह्यलंय?” पुंजारामचा तळहात सवयीनं पुढं झाला.