बसच्या मागे

करड्या गाडीने तिसरं वळणही बसच्या मागोमागच घेतलं, तसा त्या गाडीच्या मागे असलेला घड्याळवाला स्टिअरिंगवर पुढे वाकला.

एक वळण ठीक, दुसरं योगायोग म्हणून सोडून देऊ. पण बस थांब्यावर थांबली की ही गाडी दहा हात मागे थांबते, मुलं चढून बस सुटली की हीसुद्धा सुटते! आत एकटाच माणूस. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाभोवती मफलर. एवढ्या उकाड्यात मफलर कोण गुंडाळतं?

बसमध्ये शेवटून दुसऱ्या खिडकीत त्याची सात वर्षांची लेक बसली होती.

खरं तर घड्याळवाल्याने इथे असायलाच नको होतं. ही स्वस्तातली शाळेची बस आणली कुणी? त्यानेच. गेल्या वर्षी शाळेच्या फाटकाशी गाड्यांच्या रेटारेटीत एक गाडी रिव्हर्स घेताना लेकीच्या पायावरून गेली होती. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. तेव्हापासून हा माणूस हात धुऊन पालिकेच्या मागे लागला. दुकानाचं शटर ओढून दारोदार फिरला, पालकांच्या सह्या घेतल्या. "पोरांना बसमध्ये बसवा आणि निर्धास्त घरी जा," असं एकेकाला बसून समजावलं. कुणी ऐकलं, कुणी तोंडावर दार लावलं. शेवटी पालिकेने एक बस दिली, तीही चाचणीपुरती. आज फाटकाशी गर्दी कमी दिसली तर आणखी बसगाड्या मिळणार, नाहीतर हीसुद्धा बंद. मग पुन्हा तीच रेटारेटी आणि तेच फाटक.

आणि आज सकाळी लेक बसची पायरी चढली मात्र, याच माणसाचं अवसान गळालं. ड्रायव्हर नवा आहे. दार नीट लागतं का? हिला वेळेवर उतरायचं सुचेल का? शेजारी ओळखतील म्हणून त्याने मेहुण्याची पांढरी गाडी उसनी आणली, टोपी कपाळावर ओढली आणि निघाला. फाटकापर्यंत जायचंच नाही, अलीकडच्या गल्लीतून परत फिरायचं, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. एवढ्या मोठ्या रस्त्यावर आपली एक गाडी ती काय!

फोन वाजला. बायको होती.

"दुकान उघडलंत?"

"हो. म्हणजे, उघडतोच आहे."

"मग हॉर्न कसले वाजतायत?"

"रस्त्यावर गर्दी आहे जरा."

"आजसुद्धा? बरं, पोरगी नीट बसली ना? तुम्ही पाहिलंत?"

"अगं, तू उगाच काळजी करतेस," असं म्हणून त्याने बाहीने घाम पुसला.

गर्दी मात्र खरंच होती. मागे तर हॉर्नचा नुसता कल्ला चालला होता. सही न देणारे ते आडमुठे हेच, असं म्हणत तो मनातल्या मनात चरफडला. तेवढ्यात करडी गाडी आणखी पुढे सरकली आणि बसला जवळजवळ चिकटली. मफलरवाला मान वाकडी करून बसच्या खिडक्यांतून आत पाहत होता.

घड्याळवाल्याने पोलिसांना फोन लावला.

"साहेब, शाळेच्या बसच्या मागे एक गाडी लागलीय. करडी. नंबर लिहून घ्या."

"त्या नव्या बसच्या ना?" पलीकडचा आवाज शांत होता. "कल्पना आहे आम्हाला. फाटकाशी माणूस उभा केलाय."

त्याने फोन बाजूच्या सीटवर टाकला. म्हणजे पोलिसांनाही माहीत आहे! म्हणजे हे खरंच आहे!

परत फिरायची गल्ली आली आणि गेली. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बस फाटकाशी थांबली. मुलं एकेक करून उतरू लागली. करड्या गाडीचं दार उघडलं आणि मफलरवाला सरळ मुलांच्या दिशेने चालू लागला. घड्याळवाल्याने गाडी भर रस्त्यात तशीच सोडली, धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि मफलर खसकन ओढला.

आतून दुसऱ्या थांब्यावरचे आजोबा निघाले. सही द्यायला त्यांनीच सगळ्यात जास्त वेळ घेतला होता. दोन तास समजावलं होतं त्यांना.

"तुम्ही?" घड्याळवाला म्हणाला.

"माझा नातू आहे बसमध्ये," आजोबा कॉलर सारखी करत म्हणाले. "आणि काय हो, निर्धास्त घरी जा म्हणून कोण सांगत होतं?"

घड्याळवाल्याने मफलर त्यांच्या हातात परत ठेवला. लेक मैत्रिणीचा हात धरून फाटकातून आत पळाली. बापाकडे तिचं लक्षही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

फाटकाशी उभा केलेला पोलीस जवळ आला. घड्याळवाल्याने हात जोडले. "साहेब, गैरसमज झाला. मघाची तक्रार मी मागे घेतो."

"कुठली तुमची?" पोलिसाने कागद वर धरला. "पांढरी गाडी, टोपीवाला?"

"नाही, ती... टोपीवाला मीच."

"मग लाल गाडी, तोंडाला ओढणी बांधलेली बाई? निळी गाडी, मागे वाकून बसलेलं जोडपं? प्रत्येकाने पुढच्याची तक्रार केलीय, आणि जो तो म्हणतो, माझं पोर त्या बसमध्ये आहे."

घड्याळवाल्याने मागे वळून पाहिलं. रस्ता पार कोपऱ्यापर्यंत तुंबला होता. फाटकाच्या कडेला पालिकेचा माणूस पेन्सिल हलवत मोजणी संपवत होता.

"बसमधून मुलं उतरली चाळीस," त्याने आकडा लिहिता लिहिता पोलिसाला सांगितलं, "आणि बसच्या मागोमाग गाड्या आल्या चाळीस."